दुपारची बाटली

“चवीवर जाऊ नकोस, दिसण्यावर जाऊ नकोस, आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे तर मुळीच बघू नकोस. मीटर सोड, स्थिर होऊ दे, रेघ वाच. रेघ सांगेल तेवढंच खरं.”

दूध संकलन केंद्रावर नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी हे सांगितलं आणि बाई त्या शब्दाला एकतीस वर्षं जागल्या. मीटर म्हणजे काचेची एक नळी. बुडाशी जड, मानेवर बारीक रेघा. दुधात सोडली की उभी तरंगते. दूध दाट असलं की वर येते, पातळ असलं की खाली बसते, आणि दुधाच्या पातळीशी जी रेघ येते ती त्या दुधाची डिग्री. पहाटे चारपासून कॅनच्या रांगेपुढे उभं राहून बाई डिग्री पुकारत आणि कारकून लिहून घेई. त्यावरून त्यांचं नावच पडलं, डिग्रीबाई. नव्या माणसाला वाटे, बाई फार शिकलेल्या असाव्यात. बाईंनी चौथीत शाळा सोडली होती. पण हा गैरसमज दूर करायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

नोकरी संपली तेव्हा केंद्राने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मीटर त्यांनी आपणहून मागून घेतलं, कापसात गुंडाळलं आणि मुलाच्या घरी आपल्या कपाटात नेऊन ठेवलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यात मुलगा, सून, अडीच महिन्यांची नात आणि विहीणबाई. नातीला सगळे पिटुकली म्हणत. जन्मली तेव्हा ती ओंजळीत मावेल एवढी होती. बाळंतपणात सुनेला जबर दुखणं झालं. जीव वाचला, पण औषधं अशी सुरू झाली की अंगावर पाजायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. तेव्हापासून पिटुकली डब्यातल्या पावडरीच्या दुधावर होती. विहीणबाई आल्या होत्या पंधरा दिवसांसाठी म्हणून. पण त्यांची ट्रंक काही जाग्यावरून हलायचं नाव घेईना.

डिग्रीबाई रोज सकाळी अंघोळ झाली की देवापुढे बसत आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं मागत. हा नेम त्यांनी लग्नाआधीपासून चुकवला नव्हता. मुलाचं नाव, सुनेचं नाव, पिटुकलीचं नाव अगदी घडाघडा येई. विहीणबाईंच्या नावाशी मात्र जीभ अडे. मग त्या पुटपुटत, “आणि बाकीच्यांनाही सुखी ठेव.” देवाला काय ते कळत असेलच, असं म्हणून उठत.

तसं पाहिलं तर विहीणबाईंच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तेच तर दुखणं होतं. बाई शिवणकामात मुरलेल्या. गळ्यात टेप, बोलणं बेतलेलं, आणि हात असा की चुकून वावगं काही व्हायचं नाही. पावडरीचा चमचा भरला की सुरीच्या पाठीने सपाट करणार, पाणी उकळून, निववून, बाटलीवरच्या रेघेशी डोळा लावून ओतणार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कापड बेतायच्या जाड कागदावर पाणी किती नि चमचे किती ते लिहिलं आणि कागद स्वयंपाकघरात टाचून टाकला. वर डिग्रीबाईंना म्हणाल्या, “ताई, चमचा दाबून भरू नका हं. दाबला की जास्त जातं.”

मला? दुधातलं मला सांगते? डिग्रीबाईंच्या कानशिलापर्यंत ताप चढला. तोंडाने त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई सांगितलंत.”

आणि पिटुकली! तिलाही जणू कोणी फितवलं होतं. विहीणबाईंनी मांडीवर घेतलं की त्या पाय असा हलवत जसा शिवणयंत्राच्या पायट्यावर हलवतात, एका लयीत, टक-टक-टक-टक, आणि पोरगी बाटली संपवून तिथेच झोपे. डिग्रीबाईंनी घेतलं की मान फिरवी, बाटलीची बोंडी तोंडाबाहेर ढकली, रडून घर डोक्यावर घेई. मग मुलगा आतून ओरडे, “आई, दे ना माईंकडे. कशाला रडवतेस?”

कशाला रडवतेस! एकुलता एक मुलगा. याला स्वतःला तीन वर्षांचा होईपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आणि आता सासूला ‘माई, माई’ करत फिरतो. डिग्रीबाई पिटुकलीला विहीणबाईंच्या हातात देत आणि गॅलरीत जाऊन वाळलेलेच कपडे पुन्हा वाळत घालत.

एकदा सुनेनेच मध्यम मार्ग काढला. विहीणबाईंनी रस्त्यावरच्या एका शिलाईच्या दुकानात अकरा ते पाच काम धरलं होतं. सून म्हणाली, “माई नसते तेव्हा दुपारच्या दोन्ही बाटल्या आईंच्या. त्यांच्याइतकं दूध कोणाला कळतं?” सुनेने हे चांगल्या मनाने म्हटलं. डिग्रीबाईंनी ते दिवसभर मनात घोळवलं.

पण दुपारीही तेच. त्या अगदी कागदाप्रमाणे दूध करत, आणि पिटुकली अर्ध्यात तोंड फिरवी. संध्याकाळी विहीणबाई दुकानातून येऊन बाटली उजेडात धरत आणि म्हणत, “आज पुन्हा एवढं राहिलं का, ताई?” त्यात टोमणा नव्हता. डिग्रीबाईंना मात्र त्यात सुई लागे.

अशात बाजारातले डबे नाहीसे झाले. कुठल्याशा कारखान्यात काही बिघडलं म्हणे, आणि दुकानादुकानांत पावडरीच्या फळ्या रिकाम्या. घरात दीड डबा. मुलगा ऑफिस सुटल्यावर चार-चार दुकानं पालथी घालून हात हलवत परत येई. सून काळजीने पिवळी पडली. विहीणबाई म्हणाल्या, “पुरवून वापरू म्हणजे पाणी वाढवायचं नाही हं कोणी. डबा संपला तर दवाखान्यात विचारू, ते सोय करतात.”

त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या डिग्रीबाईंच्या डोक्यात एक गोष्ट उभी राहिली आणि सकाळपर्यंत तिला हातपाय फुटले. डबा संपेल. सगळे हवालदिल होतील. आणि तेव्हा आपण कपाटातून स्टीलचा डबा काढून पुढे ठेवायचा. त्यात पावडर. “ही घ्या. दुपारची वाचवली मी. दोन्ही बाटल्या मी माझ्या हातच्या दुधाच्या देत होते, आणि पोरगी बघा कशी आहे.” मुलगा बघतच राहील. विहीणबाईंचं तोंड बघण्यासारखं होईल.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई दुकानात गेल्या, सून औषध घेऊन झोपली, आणि डिग्रीबाईंनी कपाटातून मीटर काढलं.

आधी त्यांनी डब्यातल्या पावडरीचं दूध कागदाप्रमाणे केलं, उंच भांड्यात ओतलं आणि मीटर सोडलं. नळी दोनदा डुलली, थांबली. अठ्ठावीस. ठीक. म्हणजे तान्ह्या बाळाच्या दुधाची डिग्री अठ्ठावीस. मग गायीचं दूध उकळलं, साय काढली. गायीचं दूध तान्ह्याला जड पडतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यात उकळलेलं पाणी घातलं. मीटर सोडलं तर नळी पार खाली बसली. मग साखर. नळी थोडी वर आली. आणखी साखर घालावी तर फार गोड होईल, पोट बिघडेल. मग त्यांनी मिठाचा डबा पुढे ओढला. चिमूट. ढवळलं. अजून चिमूट. नळी सरसर वर आली आणि बरोबर अठ्ठाविसाच्या रेघेशी उभी राहिली.

त्या रेघेकडे बघताना डिग्रीबाईंचा हात क्षणभर थबकला. हे असं करणारी माणसं त्यांनी केंद्रावर डझनांनी पकडली होती. दुधात पाणी घालायचं, डिग्री उतरली की साखर-मीठ टाकून चढवायची. अशांचे कॅन त्यांनी सगळ्यांदेखत गटारात ओतायला लावले होते. पण ते चोर होते. ते पैशासाठी करत. आपण नातीसाठी करतोय. बाटल्या उकळल्यात, हात धुतलेत, दूध डोळ्यांसमोर उकळलंय. आणि रेघ तर खोटं बोलत नाही.

अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि पिटुकलीला उचललं.

पोरीने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. मग ओढू लागली. आणि काय ओढली! बाटली संपली तरी बोंडी सोडीना. डिग्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं माझ्या बायो,” त्या तिच्या कानात म्हणाल्या, “तुला हेच हवं होतं होय? आणि आम्ही तुला डब्यातला भुसा पाजत होतो.”

चार वाजताची बाटली तर तिने हिसकावल्यासारखी घेतली. डिग्रीबाईंनी अर्धी बाटली आणखी करून दिली.

संध्याकाळी विहीणबाईंनी रिकामी बाटली उजेडात धरली. “अरे वा! आज सगळं संपलं?”

“संपलं,” डिग्रीबाई म्हणाल्या. “लागला हळूहळू माझाही लळा.”

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, आणि सकाळी प्रार्थनेत विहीणबाईंचं नाव न अडखळता आलं. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय लागतं?

दुसरा दिवस तसाच, तिसराही तसाच. डिग्रीबाई रोज स्टीलच्या डब्यात चार-चार चमचे पावडर साठवत होत्या आणि रोज मीटर सोडून रेघ जुळवत होत्या. आता पिटुकली त्यांना बघूनच तोंड उघडी. बाटली तोंडाला लागेपर्यंत तिला दम निघत नसे. मुलगासुद्धा म्हणाला, “आई, जादू केलीस काय?” या चार शब्दांवर डिग्रीबाई दोन दिवस तरंगत होत्या.

तिसऱ्या संध्याकाळी विहीणबाई लंगोट वाळत घालताना म्हणाल्या, “ताई, दुपारचे लंगोट कमी झालेत का? आज दोनच निघाले. आणि रडणं बघितलंत? किती चिरकं रडते, पूर्वी असं नव्हतं.”

“मुलं मोठी होतात, विहीणबाई. रडणंही मोठं होतं.”

“तसं असेल. पण अंगही कसंतरीच लागतंय हाताला. दवाखान्यात दाखवून यावं म्हणते.”

हिला बघवत नाही, दुसरं काय. पोर माझ्याकडे ओढ घेते म्हटल्यावर हिला सगळीकडे दुखणीच दिसायची. डिग्रीबाईंनी एक लंगोट झटकून दोरीवर टाकला आणि म्हणाल्या, “दाखवायचं तर दाखवा. पण उगाच पोरीला सुया टोचायला मी नाही सांगणार.”

सून मध्ये पडली. दोन दिवस बघू म्हणाली.

चौथ्या दिवशी जिन्याखाली टेबल लावणारी इस्त्रीवाली कपडे द्यायला वर आली. तिची लेक पुलापलीकडे कारखान्याच्या वसाहतीत राहायची, महिन्याभराचं बाळ होतं, तिलाही दूध नव्हतं आणि तिकडेही डबे मिळत नव्हते. ती दाराशी बसून रडायलाच लागली. “उद्यापासून दोन-चार दिवस लेकीकडेच जाऊन राहते, काकू. पण जाऊन करू काय?”

सून झोपली होती. विहीणबाई दुकानात. डिग्रीबाईंनी इस्त्रीवालीला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. दूध एवढं, पाणी एवढं, साखर एवढी, मीठ एवढं.

“पण माझ्याकडे ती नळी कुठे आहे?”

“अंदाजाने घाल. पातळ वाटलं तर जरा जास्त.”

इस्त्रीवालीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “तुमच्यासारखी आजी सगळ्यांना मिळो.” डिग्रीबाईंना हसू आवरेना. हे वाक्य विहीणबाईंच्या कानांवर पडायला हवं होतं.

पाचव्या दिवशी दुपारची बाटली पिटुकलीने प्यायली, आणि चारची घेताना मध्येच थांबली. सुस्त पडून राहिली. सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता ती विहीणबाईंच्या मांडीवर होती. पावडरीचं दूध तोंडाजवळ नेलं तरी डोळे उघडीना. विहीणबाईंचा पाय लयीत हलत होता, तो एकाएकी थांबला.

“ताई,” त्या म्हणाल्या, “हिचा हात बघा.”

इवलासा डावा हात झटके देत होता. मग पाय. मग ओठ निळसर.

मुलगा अनवाणीच खाली पळाला आणि रिक्षा घेऊन आला. दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी टाळूवरून बोट फिरवलं, टाळू आत गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. मग लगेच पिटुकलीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर चौघं बसली. एका टोकाला विहीणबाई, दुसऱ्या टोकाला डिग्रीबाई, मध्ये नवरा-बायको.

तासाने डॉक्टर बाहेर आल्या. “झटके थांबलेत. पण रक्तातलं मीठ भलतंच वाढलंय. जुलाब? उलट्या?”

“काहीच नाही,” सून म्हणाली.

“मग दुधातूनच गेलंय. पावडर जास्त पडून दूध फार घट्ट झालं तरी होतं असं. दूध कोण करतं?”

“मी,” विहीणबाई म्हणाल्या. “दुपारच्या दोन ताई करतात, पण त्याही माझ्याच कागदाप्रमाणे.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी गळ्यातला टेप मुठीत धरला. घाईत तो तसाच राहिला होता. त्यांनी सगळं सांगितलं. पाणी किती, चमचे किती, सुरीची पाठ. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. “हे तर बरोबर आहे. याने एवढं चढणार नाही. नीट आठवा. कधी चमचा जास्त पडला? दोनदा मोजलात?”

“माई,” सून रडत म्हणाली, “तू परवा चष्मा विसरलीस म्हणत होतीस ना?”

“विसरले होते. पण...”

“माई, अहो एवढ्याशा जिवाच्या बाबतीत!” मुलगा बोलून गेला. आवाज चढलेला.

आणि डिग्रीबाईंनी पाहिलं की विहीणबाईंचा चेहरा बदलला. ती बाई, जिचा टाका कधी वाकडा जात नव्हता, तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास सगळ्यांदेखत उसवत गेला. त्या दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघू लागल्या. “असेल,” त्या पुटपुटल्या. “असेलही. पहाटे डोळे जड असतात. माझीच चूक असेल.”

हेच हवं होतं. दोन महिने, रोज, उठता-बसता हेच हवं होतं. आता ट्रंक उचलली जाईल. आता मुलगा ‘माई’ म्हणणार नाही. डिग्रीबाईंना काहीच करायचं नव्हतं, बोलायचंही नव्हतं. नुसतं बाकावर बसून राहायचं होतं. घरी जाऊन स्टीलचा डबा रिकामा केला, की झालं. त्यांनी पदर आवळून घेतला आणि भिंतीकडे पाहिलं.

डॉक्टर मुलाला सांगत होत्या, “हे मीठ एका दिवसात चढलंय की चार-पाच दिवसांत, ते मला कळायला हवं. एकाच बाटलीत चूक झाली असेल तर मी सलाईन जरा लवकर सोडू शकते. पण हळूहळू चढलं असेल आणि मी घाई केली, तर मेंदूला सूज येईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

“एकदाच झालं असेल,” मुलगा म्हणाला. “कालच. कालपर्यंत ती इतकी छान पीत होती.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या आत जायला वळल्या.

“पाच दिवस,” डिग्रीबाई म्हणाल्या.

कोणाला ऐकूच गेलं नाही. त्या उठल्या. “डॉक्टर, थांबा. पाच दिवस. दुपारच्या दोन बाटल्या. कधी अडीच. मी दिल्या.” आणि मग सगळंच बाहेर आलं. गायीचं दूध, पाणी, साखर, मीठ. किती चिमटी, केवढ्या भांड्याला. त्यांनी चिमूट करून दाखवली. डॉक्टरांनी सिस्टरच्या हातातला कागद घेऊन भराभर लिहिलं.

“यांचा काही दोष नाही,” डिग्रीबाई विहीणबाईंकडे न बघता म्हणाल्या. “यांचं माप कधी चुकलं नाही. आणि मी मीटर लावून बघत होते हो. डब्याच्या दुधाशी डिग्री बरोबर जुळत होती. रोज जुळत होती.”

डॉक्टरांनी लेखणी थांबवली. “आजी, त्या मीटरला जडपणा कळतो. तो साखरेचा की मिठाचा, हे त्याला कुठून कळणार? आणि एवढ्या लहान जिवाला ते मीठ लघवीवाटे टाकताही येत नाही. त्या डब्यात पन्नास गोष्टी मोजून घातलेल्या असतात. त्या स्वयंपाकघरात जमत नाहीत. मला जमणार नाहीत, तुम्हालाही नाहीत.”

“पण ती ओढीने प्यायची,” डिग्रीबाईंच्या तोंडून निघालं. “माझ्या हातून किती ओढीने प्यायची. मला बघितलं की तोंड उघडायची.”

डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणानेच जास्त लागलं. “तहान लागत होती तिला. मीठ पोटात गेलं की तहान लागते. पाणी मागता येत नाही, म्हणून जे मिळेल ते ती ओढत होती. आणि मिळत होतं पुन्हा तेच.”

त्या आत गेल्या. दार बंद झालं.

डिग्रीबाई उभ्याच राहिल्या. लळा नव्हता तो. पाच दिवस पोर आपल्याकडे पाणी मागत होती, आणि आपण तिला छातीशी धरून म्हणत होतो, बघ, मी तुला आवडते.

मुलगा खिडकीकडे गेला आणि पाठमोरा उभा राहिला. सून त्यांच्याकडे टक लावून बघत होती, जसं एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं.

विहीणबाई आधी बोलल्या. हळू, पण दात आवळून. “तीन दिवस झाले लंगोटांचं म्हणत होते मी. तुम्ही मला काय म्हणालात, ताई? रडणंही मोठं होतं म्हणालात. आणि आत्ता मी माझ्याच हातांना दोष देत बसले, तेही तुम्ही बघत होतात.”

“बघत होते.”

“का पण? काय वाकडं केलं होतं मी तुमचं?”

“काही नाही,” डिग्रीबाई म्हणाल्या. “ती तुमच्याकडे झोपायची.”

कितीतरी वेळाने सगळी पुन्हा बाकावर येऊन बसली. कॉरिडॉरमधून एक माणूस फरशी पुसत आला आणि त्यांच्या पायांपाशी थबकला. चौघांनी निमूट पाय वर घेतले.

दुपार कलली तेव्हा सिस्टर बाहेर आली. सलाईन अगदी थेंबाथेंबाने चालू आहे म्हणाली. दोन दिवस लागतील, आत्ताच काही सांगता येणार नाही, पण पाच दिवसांचं कळलं ते फार बरं झालं. नाहीतर डॉक्टर वेगळाच वेग ठेवणार होत्या. मग कागद पुढे धरून तिने विचारलं, “आजी, या महिन्यातलं हे घरच्या दुधाचं दुसरं बाळ. डबे मिळत नाहीत तर लोक आमच्याकडे यायचे सोडून घरी प्रयोग करतात. इथे विचारलं असतंत तर आम्ही दिली असती पावडर. हे तुम्ही आणखी कोणाला सांगितलंय का?”

डिग्रीबाई बाकावरून उठल्या. “सांगितलंय. परवाच. आमच्या इस्त्रीवालीला. तिच्या लेकीचं महिन्याचं बाळ आहे. आणि मी तिला म्हटलं, मीठ अंदाजाने घाल.”

“फोन करा लगेच.”

“नंबर नाही कोणाकडे. ती कपडे न्यायला स्वतःच वर येते. सध्या लेकीकडे गेलीय, कारखान्याच्या वसाहतीत. पुलापलीकडे.” त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो पुढे झाला, पण त्या म्हणाल्या, “तू इथे हवास. कागदांवर सह्या तुझ्या लागतात. मी जाते.”

सून पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. आवाज कोरडा होता. “आई, तुम्ही नुसतं ‘ते दूध देऊ नका’ म्हणून परत याल. तुमचं नाव आहे ना दुधातलं. ते सांभाळाल.”

“नाही.”

“मग शब्द द्या मला. तिच्या दारात उभं राहून सगळं सांगाल. आपल्या पिटुकलीचं काय झालं, कशाने झालं, कोणी केलं, सगळं. आणि त्या बाळाला घेऊन तिला आजच इथे यायला सांगाल.”

“दिला शब्द,” डिग्रीबाई म्हणाल्या. “तुझ्या लेकीच्या... नाही. तिची शपथ घालायचा मला अधिकार नाही. नुसता शब्द देते.”

तेवढ्यात आतून दुसऱ्या सिस्टरने डोकं बाहेर काढलं. “बाळाने डोळे उघडलेत. घरचं एक माणूस आत येऊन बसा तिच्याजवळ. बोट धरायला. एकच हं, गर्दी नको. आणि आता जी बसेल तिला उठता येणार नाही. सारखी ये-जा नको.”

सुनेला उभंही राहवत नव्हतं. मुलगा काउंटरवर जायचा होता. दारातून एक पांढरी कॉट दिसत होती, आणि तिच्यावर काहीतरी अगदी लहान. डिग्रीबाईंचं पाऊल आपोआप पुढे पडलं. नुसतं एकदा बघावं. बोट धरावं. तिने डोळे उघडलेत तर पहिल्यांदा तिला आपण दिसावं. वसाहत काय, अर्ध्या तासाने गेलो तरी तिथेच असणार आहे. जुनी आग विझलेली नव्हती. ती तशीच धुमसत होती, आणि कॉटकडे बोट दाखवत होती.

पण चार वाजत आले होते. त्याही घरात कोणीतरी आत्ता चारच्या बाटलीसाठी दूध उकळत असेल.

विहीणबाई उठल्या नव्हत्या. त्या डिग्रीबाईंकडे बघत होत्या. रागाने बघत होत्या, पण बघत होत्या.

“तुम्ही जा आत,” डिग्रीबाई म्हणाल्या. “तुमचा पाय हलला की ती शांत होते.”

विहीणबाईंनी डोळे पुसले, टेप गळ्यातून काढून लेकीच्या मांडीवर ठेवला आणि आत गेल्या. दार मिटताना डिग्रीबाईंना त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हलका, पिटुकलीशी बोलणारा. तो आवाज काळजाला घासून गेला. त्यांनी त्याला घासू दिलं.

मग त्यांनी बाकाखालच्या चपला ओढून घेतल्या. सुनेजवळ क्षणभर थांबल्या, पण हात पुढे केला नाही. जिन्याच्या तोंडाशी फरशी पुसणारा माणूस होता. पुलापलीकडे जाणारी बस कुठून सुटते, ते त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, फाटकातून डावीकडे, दुसरा थांबा. कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, डिग्रीबाई खाली उतरू लागल्या.